जुन्या लांब रंध्याने कडा जुळत नाहीत: दोष रंध्याचा की हाताचा?

प्रश्न – कडेकोट

मेजाच्या वरच्या भागासाठी मला तीन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या आहेत. प्रत्येक फळी १२० सेंमी लांब व २२ मिमी जाड आहे आणि कडा विजेच्या यंत्राऐवजी हातरंध्यानेच सरळ कराव्यात, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी जुन्या हत्यारांतून मी एक लाकडी रंधा निवडून घेतला. तो बीचच्या लाकडाचा असून २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंमी लांब आहे. पाते अडीच इंच रुंद आणि दुहेरी आहे, म्हणजे पात्यावर दुसरी लोखंडी पट्टी स्क्रूने आवळलेली आहे. पुढच्या टोकावर तीन ठसे आहेत आणि त्यांपैकी एकच जेमतेम वाचता येतो.

तळ मला ओबडधोबड वाटला, म्हणून पाते आणि ते जागेवर धरून ठेवणारी पाचर काढून ठेवून, जाड काचेवर सँडपेपर चिकटवून त्यावर तो सुमारे दीड तास घासला. तळावर पेन्सिलीने मारलेल्या रेघा सर्वत्र पुसल्या गेल्या तेव्हाच थांबलो. पात्यालाही धार लावली. ते मनगटावरचे केस सहज काढते. इतके करूनही दोन फळ्या कडेवर कड ठेवून उजेडासमोर धरल्या की मध्यभागी त्या घट्ट टेकतात आणि दोन्ही टोकांना फट दिसते. छपाईच्या साध्या कागदाचे चार तुकडे त्या फटीत जातात. मी जितका जास्त रंधा मारतो तितकी फट वाढत जाते, हे तर मला अजिबात समजत नाही. शिवाय दर आठ-दहा हातांनंतर ढलप्या रंध्याच्या तोंडात, म्हणजे तळातल्या पात्याच्या फटीत, अडकतात आणि मला तारेने त्या उकरून काढाव्या लागतात.

दुसरी गोष्ट अशी, की मला आणखी एक जुना रंधा मिळण्यासारखा आहे. तो २८ इंच लांब, एकेरी पात्याचा आहे आणि त्याच्या एका बाजूच्या भिंतीला पाचरेच्या खाचेपासून वरपर्यंत बारीक तडा गेलेला आहे. लांबी जास्त असल्यामुळे काम सोपे होईल या आशेने तो घ्यावा, की आहे तोच नीट करावा? काही जण मला लाकडी रंध्याचा नाद सोडून सरळ लोखंडी रंधा घेण्यास सांगत आहेत.

उत्तर – पाचर

तुमच्या वर्णनातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य धारेविषयीचे नसून सँडपेपरविषयीचे आहे. एवढा लांब ठोकळा काचेवर पुढे-मागे घासताना दोन्ही हातांचा भार कधीच समान राहत नाही; ढकलताना पुढचे टोक दाबले जाते, ओढताना मागचे, आणि पुढे जाणाऱ्या टोकाला दर वेळी ताजे, न भरलेले खडे मिळतात. त्यामुळे टोके जास्त झिजतात आणि तळ लांबीच्या दिशेने किंचित पोटाळतो, म्हणजे मध्ये फुगीर होतो. पेन्सिलीच्या रेघा सगळीकडे पुसल्या गेल्या याचा अर्थ सगळीकडे घासले गेले इतकाच होतो. सगळीकडे सारखे घासले गेले असा होत नाही. एक खात्रीची सरळ पट्टी तळावर उभी लावून उजेडाकडे बघा. पट्टी तोंडाजवळ टेकून टोकांकडे झुलत असेल तर तुमचा ५६ सेंमीचा रंधा प्रत्यक्षात वीस-पंचवीस सेंमीच्या साफ रंध्यासारखा, म्हणजे शेवटच्या सफाईच्या आखूड रंध्यासारखा, वागतो आहे. लांब रंध्याचा सगळा फायदा असा, की तो खड्ड्यांवरून पूल घालून जातो आणि फक्त उंचवटे छाटतो. पोट आले की तो पूल मोडतो. फळीच्या सुरुवातीला मागचा भाग हवेत लोंबतो, शेवटी पुढचा, आणि दोन्ही वेळा पाते टोकावर जास्त खोल उतरते. म्हणूनच जास्त रंधल्यावर फट वाढते.

तळ पुन्हा सरळ करायचा झाल्यास दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली म्हणजे पाते आणि पाचर नेहमीच्या कामाइतकी घट्ट बसवूनच, मात्र धार तळाच्या आत दोन-तीन मिलिमीटर मागे ओढून, तळ तपासावा आणि तासावा. पाचर ठोकल्यावर ठोकळ्यात ताण येतो आणि तळ हलतो. सैल ठोकळ्याचा सरळपणा कामाच्या वेळी टिकत नाही. दुसरी म्हणजे सँडपेपरऐवजी दुसऱ्या धारदार रंध्याने, उंच दिसेल तेवढीच जागा, बारीक ढलपी घेऊन काढावी. आधी तळाच्या दोन टोकांवर सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून, त्यांच्या कडा एका नजरेत धरून पीळ आहे का ते पाहावे, कारण पीळ असलेला तळ लांबीत सरळ दिसू शकतो. पुढचे टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचे टोक या तीन जागा एका पातळीत आल्या की थांबावे. मधल्या भागात केसभर पोकळी राहिली तर काहीही बिघडत नाही. विनाकारण तासत बसू नये, कारण तोंडाचा गाळा, म्हणजे ढलप्या वर जाण्याची पोकळी, वर रुंद होत जातो आणि तळाचा प्रत्येक मिलिमीटर कमी होताना तोंड थोडे थोडे उघडते.

आता हाताविषयी. सुरुवातीला भार पुढच्या हातावर, फळीच्या मध्यावर दोन्ही हातांवर आणि शेवटी मागच्या हातावर असावा, हे सर्वांना ठाऊक असते. चूक होते ती शेवटच्या वीतभर अंतरात, जिथे पुढचा हात सवयीने दाबलेलाच राहतो. मी शिकत असताना त्या अंतरात पुढचा हात रंध्यावरून पूर्ण उचलून घेत असे. विचित्र दिसते, पण दोन दिवसांत सवय मोडते.

आणि कड मुद्दामच मध्ये किंचित खोलगट ठेवावी. त्यासाठी फळीच्या टोकापासून तळहातभर आत रंधा टेकवावा आणि दुसऱ्या टोकाच्या तळहातभर आधी उचलावा. असे करत गेल्यावर काही हातांनी पाते आपोआप कापेनासे होते, कारण रंध्याची दोन टोके फळीच्या न तासलेल्या भागांवर टेकतात. तो क्षण आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सलग ढलपी काढावी, फार तर दोन. तुमच्या फळीच्या लांबीवर मध्यभागी छपाईच्या कागदाइतकी, म्हणजे सुमारे ०.१ मिमीची फट राहिली तर ती क्लॅम्पने सहज मिटते आणि टोके दाबाखाली राहतात. लाकडाची टोके मधल्या भागापेक्षा लवकर सुकतात व आकसतात, म्हणून पुढे सांधा उघडला तर तो टोकाकडूनच उघडतो. त्याची भरपाई आधीच करून ठेवलेली बरी. मात्र ही पद्धत पोटाळलेल्या तळाने साधत नाही, आधी तळ.

उत्तर – मोगरी

‘पाचर’ यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, पण ‘आधी तळ’ या क्रमाशी नाही. जुना लाकडी रंधा हाती आला की मी तळाला शेवटी हात लावतो. पाते आपल्या बैठकीवर, म्हणजे ठोकळ्यातल्या ज्या उतारावर ते टेकते तिथे, नीट बसत नसेल तर सरळ तळही काही कामाचा नाही, कारण कापताना पाते थरथरते आणि कधी जास्त, कधी कमी खोल जाते.

तपासण्याची रीत सोपी आहे. पात्याच्या बैठकीवर टेकणाऱ्या बाजूला मऊ पेन्सिलीचे शिसे भरपूर चोळावे, ते जागेवर ठेवून पाचर हलकेच ठोकावी, थोडे पुढे-मागे सरकवून काढावे आणि बैठकीवर काळे कुठे उमटले ते पाहावे. तोंडाच्या अगदी जवळ, तळाच्या बाजूला, आडवा काळा पट्टा उमटला पाहिजे. बऱ्याच जुन्या रंध्यांत बैठकीच्या मध्यभागी टेकाड निघते आणि खालचा भाग कोरा राहतो. ते टेकाड रुंद पटाशीने खरवडून काढावे. तासून काढलेले परत येत नाही, म्हणून दोन-दोन वेळा शिसे लावून पाहावे. या अर्ध्या तासाच्या कामाने रंध्याचा आवाजच बदलतो, खरखर जाऊन एकसारखी शीळ येते.

ढलप्या अडकण्याचे मूळही बहुधा तळात नाही. पाचरेच्या खालच्या बाजूला दोन निमुळते पाय असतात. ते भिंतींच्या खाचेत पूर्ण लांबीभर चिकटून बसले पाहिजेत. पायाच्या टोकाशी नखभर जरी फट असली तरी ढलपीचे टोक तिथे शिरते, मागून येणारी ढलपी त्यावर चढते आणि गाळा भरतो. पायांची टोके फार जाड असली तरीही तेच होते, त्यांना आतल्या बाजूने पातळ उतार द्यावा. यानंतर वरची लोखंडी पट्टी काढून तिची पुढची कड पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उताराविरुद्धच्या सपाट बाजूवर, ठेवा आणि उजेड पाहा. किंचितही उजेड दिसला तर ती कड सहाणेवर सपाट करावी लागेल. कडेच्या कामासाठी ही पट्टी धारेपासून अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जवळ ठेवावी. ती जवळ असली की ढलपी लगेच मोडून वर वळते आणि उलट्या शिरांत लाकूड उचकटत नाही. दुहेरी पाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली ती याच कारणाने. त्यामुळे दुहेरी पात्याच्या रंध्याचे तोंड जरा मोठे असले तरी घाबरू नये. उलट पट्टी जवळ आणि तोंडही अरुंद असे दोन्ही केले की ढलपीला जायला जागाच उरत नाही.

दुसऱ्या रंध्याविषयी: तडा कशामुळे गेला हे आधी शोधा. लाकडी ठोकळा वर्षानुवर्षे रुंदीत आकसतो, पाते मात्र आकसत नाही. पाते गाळ्यात दोन्ही बाजूंना घट्ट बसलेले असेल तर तेच भिंत फोडते. पाते आडवे किंचित हलते का पाहा. हलत नसेल तर तडा वाढणार हे धरून चाला. पाचर फार जोरात ठोकण्याच्या सवयीनेही भिंत खाचेपाशी फुटते. तडा केसासारखा असून पाचर बसवल्यावर उघडत नसेल तर त्यात पातळ सरस भरून तो दाबून धरता येतो. पण पाचर ज्या खांद्याला टेकते तो खांदाच उडालेला असेल तर मी तो रंधा घेणार नाही.

पातेही उलटून पाहावे. जुन्या पात्यांत मऊ लोखंडाला पोलादाचा पातळ थर तापवून जोडलेला असतो आणि धारेच्या उतारावर त्या दोहोंची सीमारेषा रंगाने वेगळी दिसते. तो थर वरच्या दिशेने किती उरला आहे त्यावर पात्याचे आयुष्य ठरते. पाठीवर, धारेपासून दोन-तीन सेंमीच्या आत गंजाचे खोल खड्डे असतील तर धार त्या खड्ड्यांपाशी तुटत राहील. असे पाते बदलून नवे टाकू म्हणावे, तर बहुतेक जुनी पाती धारेकडे जाड आणि वर पातळ असतात व पाचर त्याच उताराला बेतलेली असते. सारख्या जाडीचे नवे पाते त्यात बसवायला गेल्यास पाचर नवी करावी लागते.

तुमच्या तीन ठशांपैकी, जाता जाता सांगतो, बनवणाऱ्याचा ठसा बहुधा एकच असेल. ब्रिटिश आणि अमेरिकी कारागीर तो पुढच्या टोकाच्या लाकडावर उमटवत, आणि मग प्रत्येक नवा मालक शेजारी आपले नाव ठोकत असे.

उत्तर – आडवी शीर

वरच्या दोन्ही उत्तरांत काटकोनाचा उल्लेख राहिला आहे. कड लांबीत सरळ असली तरी दर्शनी बाजूशी काटकोनात नसेल तर जोडलेला पृष्ठभाग पन्हळीसारखा वाकतो. यावर सोपा उपाय असा, की जोडायच्या दोन फळ्या पुस्तक मिटावे तशा, दर्शनी बाजू आतल्या बाजूला समोरासमोर करून, एकत्र शिकंज्यात धराव्यात आणि दोन्ही कडा एकाच वेळी रंधाव्यात. तुमच्या दोन फळ्या मिळून ४४ मिमी होतात आणि अडीच इंची पाते सुमारे ६३ मिमीचे आहे, म्हणजे ते दोन्हींवर पुरते. रंधा एका बाजूला कलला तरी एका फळीची चूक दुसरीची उलटी चूक भरून काढते आणि उघडल्यावर पृष्ठभाग सपाट येतो.

पण या युक्तीवर भोळा विश्वास ठेवू नका. ती फक्त कलण्याची चूक खोडते. मध्यभागी आलेला फुगवटा मात्र दुप्पट होतो, कारण तो दोन्ही कडांवर सारखाच येतो. तुमची फट चार कागदांची दिसते, म्हणजे प्रत्येक कडेची चूक साधारण दोन कागदांचीच असणार. शिवाय दोन्ही फळ्यांच्या शिरा एकाच दिशेला चढत्या असल्याशिवाय एकीचे लाकूड उचकटेल.

उत्तर – मोगरी

लोखंडी रंध्याबद्दल उत्तर द्यायचे राहिले. स्क्रूने पाते खाली-वर करण्याची सोय आणि कायम सरळ राहणारा तळ हे त्याचे खरे फायदे आहेत. अमेरिकेतील लिओनार्ड बेली यांची लोखंडी रंध्याची रचना स्टॅन्ली या हत्यारांच्या कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतल्यानंतर तोच नमुना जगभर पसरला. त्यांतला ७ क्रमांकाचा रंधा तुमच्याच रंध्याइतका, २२ इंच लांब, आणि ८ क्रमांकाचा २४ इंच असतो. ज्याला रोज हवामान बदलणाऱ्या खोलीत काम करायचे आहे आणि रंध्याची मशागत आवडत नाही, त्याने तो घ्यावा. लाकडी रंधा वजनाला हलका असतो, फळीवर कमी घासतो आणि चूक झाली तर घरच्या हत्यारांनी दुरुस्त होतो. तळावर मेणबत्तीचा तुकडा दोनदा ओढला की तो बर्फासारखा सरकतो. रोमन काळातले रंधे पाँपेईत सापडले आहेत आणि १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या जहाजावर सुतारांच्या पेट्यांमध्येही ते होते. त्यांत आणि तुमच्या रंध्यात पाचरेने पाते धरण्याची कल्पना एकच आहे.

उत्तर – कडेकोट

सर्वांचे आभार. मी दोघांचाही क्रम मोडून आधी फक्त मोजून पाहिले, आणि तिन्ही ठिकाणी दोष निघाला, याची थोडी लाज वाटते.

सरळ पट्टी तळावर ठेवल्यावर ती तोंडाच्या पुढे चार बोटांवर टेकली आणि मागच्या टोकाला दोन कागद सहज गेले. म्हणजे ‘पाचर’ म्हणाले तसे पोट आलेलेच होते, आणि ते माझ्याच दीड तासाच्या मेहनतीचे फळ होते. शिसे लावून पाहिले तेव्हा बैठकीवर मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग उमटला आणि तोंडापाशी काहीच नाही. तो डाग पाच वेळा खरवडल्यावर खाली आडवा पट्टा दिसू लागला. पाचरेच्या डाव्या पायाचे टोक तुटलेले होते. तिथे बारीक चिकटपट्टी लावून तात्पुरते भागवले आहे, नवी पाचर नंतर करीन.

तळ दुसऱ्या एका लहान रंध्याने, पाते मागे ओढून, पट्ट्यांनी पीळ पाहत तासला. एकूण पाच-सहा ढलप्यांहून जास्त काढावे लागले नाही, तरी फरक आश्चर्यकारक आहे. ढलप्या आता गाळ्यातून अखंड वर येतात आणि वळून बाजूला पडतात.

एक शंका उरली आहे. थोड्या थोड्या वेळाने धार आपोआप खोल जाते. मी पात्याच्या वरच्या टोकाला हातोडी मारून ते खाली घेतो, पण मागे घेताना मात्र पाचर पूर्ण निघून येते आणि सगळी जुळणी पहिल्यापासून करावी लागते.

उत्तर – पाचर

मागे घेताना पात्यावर किंवा पाचरेवर न मारता ठोकळ्यावर मारायचे असते. लांब रंध्यात पुढच्या भागात, वरच्या बाजूला, तोंड व पुढचे टोक यांच्या मध्ये बहुधा कठीण लाकडाची लहान गोल गुंडी बसवलेली असते. नसली तर तिथे ठोक्यांचे खड्डे तरी दिसतील. त्या जागी मोगरीने एक नेमका ठोका दिला की पाते केसभर मागे येते आणि पाचरही थोडी सैल होते. लगेच पाचरेवर एक हलका ठोका देऊन ती बसवावी आणि धार पुन्हा न्याहाळावी. लोखंडी हातोडी इथे वापरू नये. तळ वर करून, डोळा पुढच्या टोकाशी नेऊन, तळाच्या उजळ पृष्ठभागावर धारेची काळी रेघ किती दिसते ते पाहत एकेक ठोका द्या. ती रेघ दोन्ही बाजूंना सारख्या जाडीची दिसली नाही तर पात्याच्या वरच्या टोकाला बाजूने हलकेच टिचवा.

धार आपोआप खोल जाते याचा अर्थ पाचर अजून पूर्ण लांबीभर बसत नाही. तुमच्या चिकटपट्टीचा संशय येतो. नवी पाचर लवकर करा, आणि करताना पायांच्या बाहेरच्या कडा भिंतींना हातभर मोकळ्या नसल्या तरी कागदभर मोकळ्या ठेवा, म्हणजे ‘मोगरी’ यांनी सांगितलेला तडा तुमच्याही रंध्याला जायचा नाही.

उत्तर – कडेकोट

पाचर झाली. तीन वेळा चुकली, चौथ्यांदा बसली. आज पहिल्या जोडीच्या कडा ‘आडवी शीर’ यांच्या रीतीने एकत्र रंधल्या, मग वेगळ्या करून मध्ये खोलगट केल्या आणि शेवटी टोकापासून टोकापर्यंत एकेक ढलपी काढली. वरची फळी खालच्या फळीवर उभी ठेवून फिरवून पाहिली तेव्हा ती पूर्वीसारखी मधल्या बिंदूभोवती गरगर न फिरता टोकाशी अडखळत सरकली. मध्यभागी एक कागद जातो, दुसरा जात नाही. सरस लावून मध्ये एकच क्लॅम्प आवळला, आणि दोन्ही टोकांपाशी सांध्यातून सरसाचे बारीक थेंब एका ओळीत बाहेर आले. दुसरा रंधा मी घेतलेला नाही. त्याचे पाते भिंतींत इतके घट्ट होते, की ते बाहेर काढायलाही विक्रेत्याला मोगरी शोधावी लागली.